शार्लोट आउअरबाख

शार्लोट आउअरबाख (१४ मे १८९९, क्रेफेल्ड, जर्मनी – १७ मार्च १९९४, एडिनबरा, स्कॉटलंड) या जर्मनीत जन्मलेल्या ब्रिटिश आनुवंशिकीतज्ज्ञ होत्या. रासायनिक पदार्थांमुळे सजीवांच्या जनुकांत कायमचे आणि पुढील पिढीत उतरणारे बदल, म्हणजेच उत्परिवर्तने घडू शकतात, हे त्यांनी औषधक्रियाविज्ञानाचे अभ्यासक जे. एम. रॉबसन यांच्या सहकार्याने प्रयोगांद्वारे दाखवून दिले. रासायनिक उत्परिवर्तन या अभ्यासशाखेच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. औषधे, कीटकनाशके आणि खाद्यपदार्थांत मिसळली जाणारी रंग व स्वादद्रव्ये आनुवंशिक हानी करतात का, हे तपासण्याची जी पद्धत आज जगभर रूढ आहे, तिचा पाया या संशोधनाने घातला गेला. त्यांचे सर्वाधिक गाजलेले प्रयोग मस्टर्ड वायू या युद्धातील विषारी रसायनावर झाले. मात्र या मालिकेतील प्रथम प्रसिद्ध झालेला निबंध मोहरीला तिखटपणा देणाऱ्या द्रव्यासंबंधी होता.

कौटुंबिक पार्श्वभूमी व शिक्षण

आउअरबाख यांचा जन्म एका सुशिक्षित ज्यू कुटुंबात झाला. त्या आईवडिलांच्या एकुलत्या एक कन्या होत. वडील फ्रीडरिख आउअरबाख हे रसायनशास्त्रज्ञ होते. आजोबा लेओपोल्ड आउअरबाख हे ब्रेस्लाऊ येथील शरीररचनाशास्त्रज्ञ असून, आतड्याच्या भित्तिकेतील स्नायुथरांमध्ये असलेले मज्जातंतूंचे जाळे त्यांच्या नावाने ओळखले जाते. काका फेलिक्स आउअरबाख हे येना येथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. अशा प्रकारे तीन वेगवेगळ्या विज्ञानशाखांची परंपरा त्यांना घरातूनच लाभली. शाळेत असताना गुणसूत्रे आणि पेशीविभाजन या विषयावरील एका पाठाने त्यांच्या मनावर खोल ठसा उमटवला आणि जीवशास्त्राकडे त्यांचा ओढा वाढला.

वुर्झबुर्ग, फ्रायबुर्ग आणि बर्लिन येथील विद्यापीठांत त्यांनी जीवशास्त्र, रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र यांचे शिक्षण घेतले. संशोधनाची आवड असूनही उपजीविकेसाठी त्यांनी माध्यमिक शाळेत शिकवण्याची पात्रता परीक्षा दिली आणि त्या अध्यापन करू लागल्या. १९२८ मध्ये त्यांनी बर्लिनमधील डालेम येथील कैसर विल्हेल्म जीवशास्त्र संस्थेत ओटो मांगोल्ड यांच्या मार्गदर्शनाखाली विकासात्मक जीवशास्त्रातील संशोधनास प्रारंभ केला. तथापि मांगोल्ड यांची कार्यपद्धती हुकूमशाही वळणाची होती. संशोधनाची दिशा बदलण्याविषयी आउअरबाख यांनी केलेली सूचना त्यांनी तडकाफडकी धुडकावली. त्यानंतर आउअरबाख यांनी काम अर्धवट सोडले आणि त्या पुन्हा शाळेत शिकवू लागल्या.

जर्मनीतून स्थलांतर

१९३३ च्या जानेवारीत ॲडॉल्फ हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये झालेल्या कायद्यान्वये ज्यू व्यक्तींना सरकारी सेवेतून काढण्यात येऊ लागले आणि आउअरबाख यांची शिक्षिकेची नोकरी गेली. आईच्या सल्ल्यावरून त्यांनी देश सोडण्याचा निर्णय घेतला व त्या ब्रिटनमध्ये आल्या. वडिलांच्या परिचयातील रसायनशास्त्रज्ञांच्या ओळखीमुळे त्यांना एडिनबरा विद्यापीठाच्या प्राणी आनुवंशिकी संस्थेत प्रवेश मिळाला. संस्थेचे प्रमुख एफ. ए. ई. क्रू हे परदेशांतून परागंदा झालेल्या वैज्ञानिकांना आश्रय देण्यासाठी प्रसिद्ध होते.

एडिनबरामध्ये आउअरबाख यांनी फळमाशीच्या पायांच्या विकासासंबंधी संशोधन केले आणि १९३५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्या वेळी त्यांचे वय छत्तीस होते. पदवी मिळाल्यानंतरही त्यांची आर्थिक स्थिती बिकटच राहिली. क्रू यांच्या साहाय्यक म्हणून अत्यल्प वेतनावर त्या संस्थेतील नाना प्रकारची कामे करीत. १९३९ मध्ये त्यांना ब्रिटिश नागरिकत्व मिळाले. त्यामुळे युद्धकाळात शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून अनेक जर्मन निर्वासितांच्या वाट्याला आलेली नजरकैद त्यांना टळली. युद्ध सुरू होण्यापूर्वी त्यांच्या आईदेखील एडिनबरा येथे येऊन पोहोचल्या होत्या.

हर्मन म्यूलर यांचा प्रभाव

१९३७ मध्ये अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञ हर्मन जोसेफ म्यूलर एडिनबरा येथे दाखल झाले. क्ष-किरणांमुळे फळमाशीत उत्परिवर्तने होतात, हे त्यांनी १९२७ मध्ये सिद्ध केले होते. याच कार्यासाठी त्यांना पुढे १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. क्रू यांनी आउअरबाख यांना म्यूलर यांच्यासाठी पेशीविज्ञानातील निरीक्षणे करण्याचे काम देऊ केले. आपल्याला त्या कामात रस नसल्याचे आउअरबाख यांनी स्पष्टपणे सांगितले. म्यूलर यांनी राग न धरता, मन नसलेल्या कामात कोणालाही जुंपू नये, अशी भूमिका घेतली.

जनुके विकासाचे नियंत्रण कसे करतात, हा आउअरबाख यांच्या कुतूहलाचा विषय होता. जनुकाचे कार्य समजून घ्यायचे असेल तर त्यात बिघाड झाल्यावर काय होते ते पाहावे आणि त्यासाठी उत्परिवर्तने घडवून आणणारी साधने शोधावीत, असे म्यूलर यांनी त्यांना सुचवले. या सल्ल्यामुळे त्यांच्या संशोधनाला कायमचे वळण मिळाले. सुरुवातीस त्यांनी कर्करोगकारक म्हणून ज्ञात असलेल्या काही पदार्थांच्या चाचण्या केल्या. उत्परिवर्तन आणि कर्करोग यांचा परस्परसंबंध असावा, अशी म्यूलर यांची अटकळ होती. परंतु फळमाशीवरील या आरंभीच्या चाचण्यांतून ठोस निष्कर्ष निघाला नाही. १९४० मध्ये म्यूलर अमेरिकेस परतले.

मस्टर्ड वायूवरील प्रयोग

मस्टर्ड वायू हे गंधक आणि क्लोरीन असलेले सेंद्रिय संयुग होय. मोहरीसारख्या वासामुळे त्यास हे नाव पडले. प्रत्यक्षात त्यात मोहरीचा अंशही नसतो. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये ईप्र येथे त्याचा प्रथम वापर झाला. त्याच्या संपर्काने त्वचेवर मोठे फोड येतात आणि झालेल्या जखमा फार सावकाश भरतात. दुसऱ्या महायुद्धात त्याचा पुन्हा वापर होईल या भीतीने ब्रिटनमध्ये त्यावर गुप्तपणे अभ्यास चालू होता. या जखमांचे स्वरूप क्ष-किरणांनी होणाऱ्या जखमांशी मिळतेजुळते असल्याचे एडिनबरा विद्यापीठातील औषधक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक ए. जे. क्लार्क व त्यांचे सहकारी रॉबसन यांच्या लक्षात आले. ऊतींवरील परिणाम सारखा असेल, तर क्ष-किरणांप्रमाणे हा वायूदेखील जनुकांत बदल घडवीत असेल काय, असा प्रश्न त्यातून पुढे आला. त्याचे उत्तर शोधण्याचे काम आउअरबाख यांच्याकडे आले.

१९४० च्या अखेरीस प्रयोगांना सुरुवात झाली. औषधक्रियाविज्ञान विभागाच्या इमारतीच्या गच्चीवर द्रवरूप मस्टर्ड वायू तापवून त्याच्या वाफेत नर फळमाश्या ठेवल्या जात. सुरक्षिततेची साधने जुजबी होती. माश्यांच्या बाटल्या हाताळताना आउअरबाख यांचे हात वारंवार भाजले. आणखी संपर्क आल्यास गंभीर इजा होईल, असा इशारा डॉक्टरांनी दिला. मारक रसायनाची मात्रा ठरवणे हीदेखील मोठी अडचण होती. मात्रा थोडी वाढली तर सर्व माश्या मरत किंवा वंध्य होत आणि थोडी कमी पडली तर काहीच परिणाम दिसत नसे.

उत्परिवर्तने मोजण्यासाठी त्यांनी म्यूलर यांनीच तयार केलेली पद्धत वापरली. फळमाशीच्या नराला एक्स गुणसूत्र एकच असते. रसायनाचा संपर्क झालेल्या नराचे हे गुणसूत्र त्याच्या मुलींत उतरते. या नरांचा संकर विशिष्ट खुणेचे एक्स गुणसूत्र असलेल्या माद्यांशी करतात. त्यामुळे पुढील पिढीतील हव्या त्या मुली डोळ्यांच्या पट्टीसारख्या आकारावरून ओळखता येतात. अशी प्रत्येक मुलगी वेगळ्या बाटलीत ठेवून तिची संतती पाहतात. तिच्या मुलांपैकी निम्म्या मुलांना खुणेचे गुणसूत्र मिळते आणि त्यावरील मारक जनुकामुळे ती मरतात. उरलेल्या निम्म्यांना आजोबांचे गुणसूत्र मिळते. त्या गुणसूत्रात रसायनामुळे नवे मारक उत्परिवर्तन झाले असेल, तर तीही जगत नाहीत आणि बाटलीत एकही नर आढळत नाही. अशा नरविरहित बाटल्यांची संख्या मोजली की उत्परिवर्तनाचे प्रमाण कळते. या पद्धतीत निरीक्षकाच्या मताला किंवा अंदाजाला फारसा वाव नसे. बाटलीत नर आहेत की नाहीत, एवढेच पाहावे लागे.

मस्टर्ड वायूच्या संपर्कात न आलेल्या माश्यांत असे उत्परिवर्तन क्वचितच आढळते. वायूच्या संपर्कात आलेल्या माश्यांत मात्र ते अनेक पटींनी अधिक आढळले. १९४१ मध्ये ही गोष्ट निःसंशय स्पष्ट झाली आणि वार्ता कळताच म्यूलर यांनी अमेरिकेतून अभिनंदनाची तार पाठवली. त्याच वर्षी क्लार्क यांचे निधन झाले. विषय युद्धाशी संबंधित असल्याने हे निष्कर्ष गुप्त अहवालांपुरतेच मर्यादित राहिले. ते उघडपणे प्रसिद्ध करण्यासाठी आउअरबाख आणि रॉबसन यांना पाच वर्षे थांबावे लागले. १९४६ मध्ये नेचर या नियतकालिकात त्यांचे टिपण आले आणि १९४७ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ एडिनबराच्या कार्यवृत्तात सविस्तर निबंध प्रसिद्ध झाले.

याच सुमारास इतरत्रही असे संशोधन चालू होते. जर्मनीत फ्रीडरिख ओएल्केर्स यांनी युरेथेन या रसायनामुळे वनस्पतींची गुणसूत्रे तुटतात असे १९४३ मध्ये दाखवले, तर सोव्हिएत संघात इओसिफ रॅपोपोर्ट यांनी अन्नात फॉर्माल्डिहाइड मिसळून फळमाशीत उत्परिवर्तने घडवली व १९४६ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. युद्धामुळे या संशोधकांना एकमेकांच्या कामाची माहिती नव्हती.

मोहरीचे द्रव्य आणि १९४४ चा निबंध

मस्टर्ड वायूवरील निष्कर्ष गुप्त असताना आउअरबाख व रॉबसन यांनी त्वचा व डोळे यांना झोंबणाऱ्या इतर पदार्थांचीही चाचणी घेतली. त्यांत ॲलिल आयसोथायोसायनेट हे द्रव्य होते. काळ्या मोहरीच्या बाष्पनशील तेलाचा हा प्रमुख घटक असून मोहरीचा तिखट झणका त्यामुळेच येतो. अखंड मोहरीत हे द्रव्य तयार स्वरूपात नसते. मोहरी वाटली किंवा पाण्यात फेसली की तिच्यातील सिनिग्रिन या पदार्थावर मायरोसिनेज या विकराची क्रिया होते आणि हे द्रव्य मुक्त होते. म्हणूनच फेसलेली मोहरी नाकात जाते. फोडणीत तडतडलेल्या मोहरीत मात्र उष्णतेने विकर निष्प्रभ झालेले असल्याने तसा झणका येत नाही.

ॲलिल आयसोथायोसायनेट हे मस्टर्ड वायूशी रचनेने संबंधित नाही. साम्य होते ते केवळ त्याच्या दाहक गुणधर्मांत. तरीही त्याच्या वाफेच्या संपर्कात आलेल्या माश्यांत उत्परिवर्तनांचे प्रमाण वाढल्याचे दिसले. हा परिणाम मस्टर्ड वायूच्या मानाने बराच क्षीण होता. हे द्रव्य स्वयंपाकघरातील असल्याने त्यासंबंधी गुप्ततेचे बंधन नव्हते आणि १९४४ मध्ये नेचरमध्ये यावरील छोटे टिपण प्रसिद्ध होऊ शकले. त्यामुळे रसायनाने उत्परिवर्तन घडवल्याचा आउअरबाख यांचा पहिला प्रकाशित दाखला एका स्वादद्रव्याचा ठरला.

या टिपणाने एक महत्त्वाची गोष्ट पुढे आणली. आनुवंशिक हानी करण्याची क्षमता केवळ युद्धातील विषांपुरती मर्यादित नाही. वनस्पतींत निसर्गतः तयार होणाऱ्या आणि माणूस शतकानुशतके खात आलेल्या द्रव्यांतही ती असू शकते. मात्र फळमाशीला शुद्ध द्रव्याची वाफ देणे आणि माणसाने जेवणात चिमूटभर मोहरी खाणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. एखादे द्रव्य जनुकांना इजा करू शकते हे कळले, तरी विशिष्ट मात्रेत आणि विशिष्ट मार्गाने शरीरात गेल्यावर ते तशी इजा करतेच, असे त्यावरून सिद्ध होत नाही. हा फरक आउअरबाख यांच्या पुढील संशोधनाच्या केंद्रस्थानी राहिला.

युद्धोत्तर संशोधन

रसायने आणि क्ष-किरण यांच्या परिणामांत आउअरबाख यांना काही ठळक भेद आढळले. समान प्रमाणात मारक उत्परिवर्तने घडवणाऱ्या मात्रांची तुलना केली, तर मस्टर्ड वायूमुळे गुणसूत्रांचे तुकडे इकडचे तिकडे जोडले जाण्याचे प्रकार क्ष-किरणांपेक्षा कमी होत. शिवाय रसायनाचा परिणाम कधीकधी विलंबाने प्रकट होई. शुक्राणूतील गुणसूत्राला झालेली सुप्त इजा त्यापासून तयार झालेल्या भ्रूणाच्या पेशी विभाजित होत असताना उत्परिवर्तनात परिणत होई. परिणामी माशीच्या शरीराचा काही भाग बदललेला व काही भाग पूर्ववत राही. उत्परिवर्तन ही क्षणार्धात पूर्ण होणारी घटना नसून अनेक टप्प्यांची जैविक प्रक्रिया आहे, हा विचार त्यांनी या निरीक्षणांच्या आधारे मांडला. डीएनएची रचना १९५३ मध्ये उलगडण्यापूर्वीच त्यांनी हे प्रतिपादन केले होते. मस्टर्ड वायू डीएनएमधील ग्वानीन या घटकाशी जोडला जातो, हे त्यानंतर अन्य संशोधकांनी दाखवले.

रॅपोपोर्ट यांच्या फॉर्माल्डिहाइडयुक्त अन्नाच्या प्रयोगांचाही त्यांनी सविस्तर पाठपुरावा केला. हे अन्न खाल्ल्याने नर अळ्यांच्या जननपेशींत, त्याही विकासाच्या एका ठरावीक अवस्थेतील पेशींत, उत्परिवर्तने होतात. मादी अळ्यांवर तसा परिणाम होत नाही, असे त्यांना आढळले. एकच पदार्थ, एकच अन्न आणि एकच प्रजाती असूनही लिंग व पेशीची अवस्था यांनुसार निष्कर्ष बदलतो, ही गोष्ट चाचण्यांच्या दृष्टीने अतिशय बोधप्रद होती. चुकीच्या अवस्थेतील पेशी तपासल्या, तर घातक पदार्थही निर्दोष ठरू शकतो. नंतरच्या काळात त्यांनी न्यूरोस्पोरा या बुरशीवर संशोधन केले. काही रसायने काही विशिष्ट जनुकांतच अधिक बदल का घडवतात, हा त्या अभ्यासाचा विषय होता.

अध्यापन व लेखन

१९४७ मध्ये आउअरबाख एडिनबरा विद्यापीठात अधिव्याख्यात्या झाल्या. १९५९ ते १९६९ या काळात त्यांनी ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या उत्परिवर्तन संशोधन केंद्राचे मानद संचालकपद सांभाळले. विद्यापीठाने त्यांना १९६७ मध्ये प्राध्यापकपद दिले आणि १९६९ मध्ये त्या निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतरही त्यांचे लेखन व मार्गदर्शन चालू होते.

शाळेत शिकवण्याचा अनुभव त्यांच्या व्याख्यानांत आणि पुस्तकांत दिसून येई. जेनेटिक्स इन द ॲटॉमिक एज (१९५६) या सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी अणुस्फोटांतील किरणोत्साराचे आनुवंशिक परिणाम सोप्या भाषेत समजावून सांगितले. म्यूटेशन (१९६२) आणि म्यूटेशन रिसर्च (१९७६) हे त्यांचे ग्रंथ या विषयाच्या विद्यार्थ्यांत विशेष मान्यता पावले. शार्लोट ऑस्टेन या टोपणनावाने त्यांनी ॲडव्हेंचर्स विथ रोझलिंड हे मुलांसाठीचे कथापुस्तकही लिहिले. ते १९४७ मध्ये, म्हणजे मस्टर्ड वायूवरील सविस्तर निबंध ज्या वर्षी आला त्याच वर्षी, प्रसिद्ध झाले.

व्यक्तिगत जीवन व सामाजिक भूमिका

आउअरबाख अविवाहित होत्या. दोन मुलांचा त्यांनी आईच्या मायेने सांभाळ केला व त्यांना वाढवले. वृद्ध आईची देखभालही त्यांनीच केली. निर्वासित म्हणून आलेल्या अनुभवांमुळे अन्यायाविषयी त्या संवेदनशील होत्या. अण्वस्त्रबंदीच्या चळवळीला त्यांचा पाठिंबा होता आणि दक्षिण आफ्रिकेतील वंशभेदी राजवटीच्या त्या कडव्या विरोधक होत्या. स्वतःच्या शोधाचा उगम एका युद्धास्त्राच्या अभ्यासात असला, तरी त्याचा उपयोग मानवी आरोग्याच्या रक्षणासाठी व्हावा, ही त्यांची धारणा होती. मस्टर्ड वायूच्या कुळातील नायट्रोजन मस्टर्ड ही संयुगे १९४० च्या दशकापासून काही प्रकारच्या कर्करोगांच्या उपचारांत वापरली जाऊ लागली. एकाच रासायनिक कुळात कर्करोग निर्माण करण्याची व वाढणाऱ्या पेशींना मारण्याची अशा दोन्ही क्षमता असणे, हे जनुकीय हानीच्या दुहेरी स्वरूपाचे उदाहरण आहे.

आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी एडिनबरा येथील वृद्धनिवासात घालवली. १७ मार्च १९९४ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

पुरस्कार व सन्मान

रॉयल सोसायटी ऑफ एडिनबराने आउअरबाख यांना कीथ पुरस्कार दिला आणि १९४९ मध्ये फेलो म्हणून निवडले. १९५७ मध्ये त्या लंडनच्या रॉयल सोसायटीच्या फेलो झाल्या. याच संस्थेचे डार्विन पदक त्यांना १९७६ मध्ये मिळाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९७० मध्ये त्यांना परदेशी सदस्यत्व दिले. लायडन, डब्लिन व केंब्रिज येथील विद्यापीठांनी त्यांना सन्माननीय डॉक्टरेट प्रदान केली. एडिनबरा विद्यापीठाच्या किंग्ज बिल्डिंग्ज या विज्ञान संकुलातील एका रस्त्याला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

स्वादद्रव्यांच्या चाचण्यांवरील प्रभाव

आउअरबाख यांच्या शोधानंतर दोन दशकांत उत्परिवर्तनकारी रसायनांची यादी झपाट्याने वाढली आणि रोजच्या वापरातील पदार्थ तपासण्याची गरज भासू लागली. अमेरिकेत १९५८ मध्ये अन्नविषयक कायद्यात डिलेनी कलम समाविष्ट झाले. माणसात किंवा प्राण्यात कर्करोग घडवणारे कोणतेही द्रव्य अन्नात मिसळण्यास या कलमान्वये मनाई आहे. त्यात मात्रेचा विचार नाही. सॅसाफ्रास वनस्पतीच्या तेलातील सॅफ्रोल हे रूट बीअर या पेयाला स्वाद देणारे द्रव्य उंदरांत यकृताच्या गाठी निर्माण करीत असल्याचे आढळल्यानंतर अमेरिकेत १९६० मध्ये त्याच्या वापरावर बंदी आली. भारतातील अन्नसुरक्षा नियमांतही सॅफ्रोल, कुमारिन आणि सिनॅमिल अँथ्रानिलेट या द्रव्यांचा स्वादासाठी वापर करण्यास मनाई आहे.

फळमाशीवरील चाचणीला कित्येक आठवडे लागतात. १९७० च्या दशकात ब्रूस एम्स यांनी साल्मोनेला जिवाणूंवर आधारलेली चाचणी विकसित केल्यावर हेच काम दोनतीन दिवसांत होऊ लागले. हिस्टिडिन हे अमिनो आम्ल स्वतः बनवू न शकणारे जिवाणू या चाचणीत वापरतात. उत्परिवर्तनामुळे ती क्षमता परत मिळालेले जिवाणूच वाढतात व त्यांच्या वसाहती मोजता येतात. अनेक पदार्थ शरीरात गेल्यावर यकृतातील विकरांमुळे घातक बनतात, म्हणून चाचणीत उंदराच्या यकृताचा अर्कही मिसळला जातो. जपानमध्ये टोफू व माशांच्या सॉसेजमध्ये वापरले जाणारे फ्युरिलफ्युरामाइड हे परिरक्षक द्रव्य जिवाणू-चाचण्यांत उत्परिवर्तनकारी ठरले. पुढील प्राणी-चाचण्यांत ते कर्करोगकारक आढळले आणि १९७४ मध्ये त्याचा वापर थांबला. याउलट सॅफ्रोल प्राण्यांत कर्करोगकारक असूनही नेहमीच्या जिवाणू-चाचणीत बहुधा नकारार्थी ठरते. कोणतीही एकच चाचणी पुरेशी नसते, हे आउअरबाख यांच्या फॉर्माल्डिहाइडवरील प्रयोगांतून आधीच सूचित झाले होते.

ॲलिल आयसोथायोसायनेटचाही पुढे कसून तपास झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उंदरांना सुमारे दोन वर्षे, आठवड्यातून पाच दिवस, शरीराच्या दर किलो वजनामागे १२ किंवा २५ मिलिग्रॅम द्रव्य नळीवाटे पोटात देण्यात आले. मोठ्या जातीच्या नर उंदरांत मूत्राशयाच्या गाठींचे प्रमाण वाढले; लहान जातीच्या उंदरांत मात्र कर्करोगकारक परिणाम दिसला नाही. ६० किलो वजनाच्या माणसाला यांपैकी मोठी मात्रा गाठण्यासाठी दिवसाला दीड ग्रॅम शुद्ध द्रव्य घ्यावे लागेल. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने उपलब्ध पुराव्याच्या आधारे हे द्रव्य मानवी कर्करोगकारकतेबाबत वर्गीकरण करता न येणाऱ्या गटात ठेवले आहे.

मात्रेचा प्रश्न आजही वादाचा आहे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बेंझोफिनोन, पुलेगोन व मिरसीन यांसह सहा कृत्रिम स्वादद्रव्यांची परवानगी डिलेनी कलमानुसार काढून घेतली. प्राण्यांना मोठ्या मात्रेत दिल्यावर ही द्रव्ये कर्करोग घडवत असली, तरी अन्नातील प्रत्यक्ष वापराच्या प्रमाणात ती जनतेच्या आरोग्यास धोकादायक नाहीत, असे प्रशासनाने त्याच वेळी स्पष्ट केले. द्रव्याची हानी करण्याची क्षमता आणि त्यापासून प्रत्यक्ष संभवणारा धोका यांतील हा भेद आजच्या अन्नसुरक्षा मूल्यमापनाचा गाभा आहे. आउअरबाख यांच्या प्रयोगांमुळे रसायनांची ही क्षमता मोजण्याचा मार्ग प्रथम खुला झाला. जीव, लिंग, पेशीची अवस्था आणि मात्रा यांनुसार निष्कर्ष कसे बदलतात, हेही त्यांनीच दाखवून दिले. आज एखाद्या स्वादद्रव्याला मान्यता देण्यापूर्वी जिवाणू, पेशी व प्राणी अशा निरनिराळ्या स्तरांवर त्याची तपासणी केली जाते; या क्रमवार तपासणीमागे एडिनबरामधील त्या प्रयोगांचा वारसा आहे.